सगळ्यांची ‘कॉमन’, सांभाळायची कोणी?

जळगावहून एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. लांबलचक आहे, म्हणून कामापुरतं देतो.

‘आमची एमआयडीसीजवळ छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. नऊ जण, सहा प्रॉडक्ट्स. ठिबक आणि शेती अवजारांच्या विक्रेत्यांचं बिलिंग, सराफांचं, जिनिंगचं, केळी व्यापाऱ्यांची पट्टी, पतसंस्थांचं, आणि या सगळ्यांसाठी एक वेब पोर्टल. सहाही ठिकाणी लागणारा कोड आम्ही ‘कॉमन’ नावाच्या डीएलएलमध्ये (इतर प्रोग्रामांना वापरता येणारी तयार कोडची फाइल) ठेवतो. ती सर्व्हरवरच्या शेअर फोल्डरमध्ये असते, बिल्ड करताना, म्हणजे कोडचं चालतं सॉफ्टवेअर बनवताना, सगळे तिथूनच घेतात. सप्टेंबरात जीएसटी बदलला तेव्हा ठिबकवाल्यांसाठी कॉमन बदलली. त्याच आठवड्यात पतसंस्थेचं एक किरकोळ अपडेट गेलं आणि चोपड्याहून फोन आला, की व्याजाच्या आकड्यांत पैशापैशाचा फरक पडतोय. व्याजाच्या कोडला कोणी हातही लावला नव्हता. शोधलं तर कॉमनमध्ये एका मुलाने कोड “स्वच्छ” करताना राउंडिंगची ओळ लहान केली होती. तेव्हापासून ऑफिसात दोन तट पडलेत. आमचे सर्वांत जुने सहकारी, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, त्यांचं म्हणणं, प्रत्येक प्रॉडक्टला कॉमनची आपापली कॉपी द्या आणि मोकळे व्हा. पोरं म्हणतात, सगळा कोड एका रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या एकाच कोठारात, आणा, मोठ्या कंपन्या तेच करतात. ज्याने कॉमन बांधली तो पुण्याला निघून गेला. बाहेरच्या लायब्रऱ्यांचं (दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडचं) तर विचारूच नका, पोर्टलवाला दर सोमवारी सगळं “लेटेस्ट” करतो. आणि शेठ म्हणतात, ग्राहकाला न दिसणाऱ्या कामाला वेळ नाही. मी टीम लीड आहे, पण एकाचं ऐकलं की दुसरा तोंड फिरवणार. काय करू?’

ताई,

आप्पा आणि पोरं यांचा निवाडा नंतर करू. आधी एक सांगा. चोपड्याच्या त्या पतसंस्थेत, रावेरच्या एखाद्या केळी व्यापाऱ्याकडे आणि शहाद्याच्या ठिबकवाल्याकडे आज नेमकी कोणती कॉमन चालू आहे, हे तुम्हाला सांगता येईल का? पत्रावरून तरी वाटतं, नाही येणार. तुमच्या फोल्डरमधल्या फाइलीचं नाव रोज तेच असतं आणि आतला मजकूर रोज वेगळा असू शकतो. मंगळवारी ज्याने बिल्ड केलं त्याला मंगळवारची मिळाली, शुक्रवारी केलं त्याला शुक्रवारची. व्याजाच्या कोडला हात न लावता व्याजाचे आकडे हलले ते यामुळे. ओळ लहान करणाऱ्या मुलाची चूक आहेच. पण ती चूक कोणालाही न विचारता, न कळवता चोपड्यापर्यंत पोचली ती फोल्डरच्या वाटेने, आणि ती वाट त्या मुलाने घातलेली नाही.

त्या ओळीचं काय झालं असेल ते मला पत्रावरूनही दिसतं. सी-शार्प या भाषेत ‘मॅथ डॉट राउंड’ या राउंडिंगच्या फंक्शनला वेगळं काही सांगितलं नाही, तर बरोबर मध्यावर आलेला आकडा ते जवळच्या सम अंकाकडे नेतं. १२४.१२५ चे १२४.१२ होतात. पतसंस्थेतला क्लार्क ताळा घेतो एक्सेलवर, आणि एक्सेलचं राउंड त्याच रकमेचे १२४.१३ करतं. जुन्या ओळीत ‘अवे फ्रॉम झीरो’, म्हणजे मध्यावरचा आकडा शून्यापासून दूर न्या, असं स्पष्ट लिहिलेलं असणार. मुलाला ते जास्तीचं वाटलं, त्याने काढून टाकलं. कोड तपासून त्याचं सॉफ्टवेअर बनवणारा कंपायलर गप्प, कारण त्याच्या लेखी काही बिघडलंच नव्हतं. (रक्कम डेसिमलमध्येच ठेवता ना? डबलमध्ये, म्हणजे अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात, ठेवत असाल तर वेगळं पत्र लिहा, तो विषय मोठा आहे.)

आता आप्पा. त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून (जावास्क्रिप्टच्या तयार पॅकेजांचं इंटरनेटवरचं भांडार) काढून घेतलं आणि जगभरात हजारो प्रोजेक्टांचे बिल्ड अडले. अक्षरांच्या डावीकडे रिकाम्या जागा भरण्याएवढं त्याचं काम. त्या अकरा ओळी ज्याने आपल्याच कोडमध्ये उतरवून घेतल्या होत्या, त्याला त्या दिवशी काही कळलंही नाही. तुमच्या कॉमनमध्येही असा माल असणार. रक्कम अक्षरी करणारं फंक्शन घ्या. लाख-कोटी, ‘एक्काहत्तर’ की ‘एकाहत्तर’, शेवटी ‘फक्त’. हे एकदा नीट झालं की वर्षानुवर्षं बदलत नाही. त्याची सहा ठिकाणी कॉपी असली म्हणून आभाळ कोसळत नाही.

पण जीएसटीचं काय? २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, ठिबक आणि तुषार संच १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. आप्पांच्या पद्धतीने तो हिशेब सहा ठिकाणी असता, तर सहा ठिकाणी बदलावा लागला असता, आणि सहावं ठिकाण कोणाला तरी दिवाळीत आठवलं असतं. म्हणजे प्रश्न ‘कॉपी की कॉमन’ असा एकरकमी नाहीच. जे सगळीकडे एकाच कारणाने बदलतं ते एका जागी ठेवायचं. जे नुसतं सारखं दिसतं, ते नाही. सराफाच्या बिलातली मजुरी आणि जिनिंगच्या बिलातली मजुरी कोडमध्ये जुळी दिसत असतील, पण एक बदलली म्हणून दुसरी बदलणार नाही. अशा जोड्या कॉमनमधून काढून ज्याच्या त्याला देऊन टाका. एवढ्यापुरते आप्पा बरोबर.

पोरांचं म्हणणंही हवेतलं नाही. गूगलचा बहुतेक कोड एकाच रिपॉझिटरीत असतो, २०१५ मध्येच तिथे सुमारे २०० कोटी ओळी होत्या, आणि प्रत्येक लायब्ररीची शक्यतो एकच आवृत्ती सगळे वापरतात. नऊ जणांच्या टीमलाही एक रिपॉझिटरी झेपते. कॉमन बदलणाऱ्याला तिथे दिसतं, की आपण कोणाकोणाचा बिल्ड मोडला. मला ती कल्पना आवडते, फक्त या भांडणाच्या भरात नको. कारण गूगलचं सॉफ्टवेअर मुख्यतः गूगलच्याच सर्व्हरवर चालतं. नवं झालं की जुनं गेलं. तुमचं सॉफ्टवेअर रावेरच्या गादीवरच्या संगणकात बसलेलं आहे. तुमच्याकडे सगळा कोड एका रांगेत उभा राहिला, तरी ग्राहकांकडे सहा महिन्यांपूर्वीच्या, दोन वर्षांपूर्वीच्या कॉमन फिरतच राहणार.

शिवाय तुमच्या सहा प्रॉडक्टांचं कॅलेंडर बघा. पतसंस्थांना मार्चअखेर. फेब्रुवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत तिथे कोणी कशाला हात लावलेला त्यांना चालणार नाही. जिनिंग दिवाळीच्या आगेमागे सुरू होतं आणि कापूस येतोय तोवर त्यांना बोलायलाही फुरसत नसते. सराफांना दसरा, दिवाळी, मग लग्नसराई आणि आखाजी (अक्षय्य तृतीया). ठिबकवाल्यांची उन्हाळ्यात, मे-जूनच्या लागवडीआधी झुंबड, म्हणजे भुसावळ-जळगावात माणूस बाहेर पडायला कचरतो तेव्हा यांच्या दुकानात रांग. सहाही ग्राहक एकदम निवांत आहेत असा एक आठवडा वर्षात तुम्हाला सापडत असेल तर मला कळवा. जो नियम म्हणेल, की कॉमन बदलली म्हणजे सगळ्यांनी आजच बदलायचं, तो नियम जळगावात चालणार नाही. मुंबई-पुण्यातल्या टीमला चालत असेल, तुमच्या गिऱ्हाइकांचे हंगाम वेगळे आहेत.

म्हणून माझा सल्ला मधला आहे, आणि मधला असला तरी मिळमिळीत नाही. नवी कॉमन कोणावर ढकलायची नाही. ज्या त्या प्रॉडक्टने आपल्या सोयीने उचलायची. पण उचलायला शेवटची तारीख ठरलेली हवी.

हे व्हायचं तर कॉमनला आकडा लागेल. शेअर फोल्डरमधून डीएलएल उचलणं बंद करा आणि कॉमनचं न्यूगेट पॅकेज करा. (न्यूगेट म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये पॅकेज आणणारं, सांभाळणारं साधन.) त्यासाठी नवा सर्व्हर लागत नाही. साधं नेटवर्कवरचं फोल्डरही न्यूगेट फीड, म्हणजे पॅकेज उचलायची जागा, म्हणून चालतं. फरक इतकाच, की आता तिथे २.३.१, २.३.२ अशा वेगवेगळ्या फाइली शेजारी शेजारी राहतील आणि प्रत्येक प्रॉडक्ट आपल्याला हवी ती नावानिशी मागेल. एकदा ठेवलेल्या आकड्याची फाइल पुन्हा बदलायची नाही. ‘छोटंसंच आहे, २.३.१ मध्येच टाकून देतो’ असं कोणी म्हणालं तर तिथल्या तिथे थांबवा. न्यूगेट प्रत्येकाच्या मशीनवर पॅकेजची प्रत साठवून ठेवतं. ज्याच्याकडे जुनी २.३.१ आधीच आहे त्याला नवी मिळणारच नाही. मग एकाच आकड्याच्या दोन कॉमन ऑफिसात नांदतील आणि तुम्ही पुन्हा आज आहात तिथे याल. चूक सापडली की २.३.२.

त्या तीन आकड्यांचा अर्थ सगळ्यांनी एकच धरायला हवा. शेवटचा वाढला तर दुरुस्ती, मधला वाढला तर नवी सोय आली पण जुनं जसंच्या तसं, पहिला वाढला तर जपून, काहीतरी मोडेल. इथे पोरं एक गल्लत करतात. फंक्शनचं नाव आणि पॅरामीटर तेच राहिले म्हणजे काही मोडलं नाही असं त्यांना वाटतं. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे साफ चूक आहे. बाहेर येणारा आकडा एका पैशाने बदलला तरी पहिला आकडा वाढवायचा. बिलाच्या छपाईत एक ओळ खाली सरकली तरी वाढवा, कारण सराफाने छापील लेटरहेड त्या मापाने करून घेतलेलं असतं. लायब्ररी वापरणारे वाढले, की तिचं प्रत्येक दिसणारं वागणं कोणी ना कोणी गृहीत धरून बसतं, मग ते कागदोपत्री लिहिलेलं असो वा नसो. सॉफ्टवेअरवाले याला हायरमचा नियम म्हणतात. चोपड्याच्या क्लार्कने तो तुम्हाला फोनवर समजावला.

न्यूगेटची एक खोड लक्षात ठेवा. प्रोजेक्टमध्ये नुसतं २.३.१ लिहिलं तर त्याचा अर्थ ‘किमान २.३.१’ असा होतो. नेमकी तीच हवी असेल तर आकडा चौकोनी कंसात लिहावा लागतो. आणि ‘२.*’ असं तर कधीच लिहू नका, तो शेअर फोल्डरचाच नवा अवतार आहे. लॉकफाइल (कोणत्या पॅकेजची नेमकी कोणती आवृत्ती घेतली याची नोंद) चालू करा, ती गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांच्या नोंदवहीत, टाका, आणि बिल्डच्या मशीनवर ‘लॉक्ड मोड’ लावा, म्हणजे फाइलीशी जुळत नसेल तर बिल्ड गुपचूप दुसरं काही घेण्याऐवजी अडेल. एका प्रॉडक्टमध्ये दहा-बारा प्रोजेक्ट असतील तर सगळ्या पॅकेजांचे आकडे ‘डिरेक्टरी डॉट पॅकेजेस डॉट प्रॉप्स’ या एकाच फाइलीत लिहायची सोय न्यूगेटमध्ये आहे, ती वापरा. सॉफ्टवेअरच्या ‘अबाउट’ खिडकीत कॉमनचा आकडाही दाखवा. चोपड्याहून फोन आला, की सपोर्टच्या मुलीने पहिल्यांदा तोच विचारायचा.

शेवटच्या तारखेचं म्हणाल तर मी असं ठरवीन: पहिला आकडा वाढला, म्हणजे ३.० आली, की २ ची शेवटची आवृत्ती आणखी सहा महिने सांभाळायची. सांभाळायची म्हणजे तिच्यात फक्त चुका दुरुस्त करायच्या, नवं काही नाही. सहा महिन्यांत प्रत्येक प्रॉडक्टला एक तरी मोकळा काळ मिळतो. जी जुनी फंक्शन्स जाणार आहेत त्यांच्यावर ‘ऑब्सोलीट’ची खूण आधीच करा, बिल्ड करणाऱ्याला इशारा दिसत राहतो, काम अडत नाही. दोनाच्या वर आवृत्त्या एकदम सांभाळायला मात्र नऊ जण पुरणार नाहीत. तो मोह टाळा.

नवी आवृत्ती सोडायची कोणी, हा खरा प्रश्न. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या बंधाऱ्यांवरची फड बागायत तुमच्या ऐकण्यात असेल. पाटाखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात एका हंगामाला एकच पीक, दुसऱ्या फडात दुसरं असू शकतं. पण पाणी द्यायचं काम पाटकऱ्याचं. शेत कोणाचंही असो, शेतकऱ्याने आपल्या हाताने पाणी घ्यायचं नाही. शेकडो वर्षं ती व्यवस्था टिकली. तुमच्या ऑफिसात फड आहेत, बंधारा आहे, पाटकरी नाही. तो होता तो पुण्याला गेला, आणि तेव्हापासून ज्याला लागेल तो दार उघडतोय. कॉमनमध्ये कोणीही बदल सुचवावा, कोणीही कोड लिहावा, पण आकडा लावून नवी आवृत्ती बाहेर काढायचा हक्क एकाच माणसाचा, आणि तो रजेवर असेल तेव्हा दुसऱ्या एकाचा.

तो माणूस आप्पा. चकित होऊ नका. पोरांना आधुनिक साधनं येतात. पण चोपड्याच्या क्लार्कला एक्सेलसारखं राउंडिंग लागतं, अमळनेरच्या अमुक सराफाला मजुरी तोळ्यावर धरून हवी असते, हे ऑफिसात कोणाला ठाऊक असेल? आप्पा कॉपी मागतायत ते आळसापायी नाही. माझ्या प्रॉडक्टचे आकडे माझ्या माहितीशिवाय बदलू नयेत, एवढीच त्यांची मागणी आहे, आणि ती रास्त आहे. पॅकेजचा आकडा गोठवला की ती पुरी होते. मिटिंगमध्ये सगळ्यांसमोर ‘आप्पा, तुमची पद्धत जुनी झाली’ असं मात्र कोणाला म्हणू देऊ नका. आधी एकट्याने जाऊन बोला. पॅकेज बांधणं, फीड, बिल्ड हे ओळ लहान करणाऱ्या त्याच मुलाकडे द्या. त्याने केलेलं आप्पांनी तपासायचं. आठवडाभर दोघं एकमेकांशी नीट बोलणार नाहीत, बोलू लागतील.

दोघांना मिळून पहिलं काम हे द्या: प्रत्येक प्रॉडक्टची खरी दहा-दहा उदाहरणं गोळा करायची, नावं पुसून. पतसंस्थेच्या व्याजाच्या दहा पावत्या, दहा केळी पट्ट्या, सराफाची दहा बिलं. त्यांत मध्यावर येणारे, ऋण, शून्य, एक कोटीच्या वरचे असे अडचणीचे आकडे मुद्दाम हवेत. ही उदाहरणं कॉमनच्या टेस्टमध्ये घाला. साठच्या साठ ताळे जुळल्याशिवाय नवी आवृत्ती बाहेर नाही. राउंडिंगवाली ओळ अशा टेस्टसमोर अर्धं मिनिटही टिकली नसती. कोणाला राउंडिंग खरंच बदलायचं असेल तर टेस्टमधला अपेक्षित आकडा बदलावा लागेल, आणि तो बदल आप्पांच्या डोळ्यांखालून जाईल.

मग कॉमन बारीक करा. सगळ्यांत आधी तिच्यातून जीएसटीचे दर बाहेर काढा. दर हा कोड नाही, माहिती आहे. एचएसएन (मालाच्या वर्गाचा क्रमांक), दर, कधीपासून, कधीपर्यंत, असं टेबल करा आणि बिलाच्या तारखेवरून दर काढा. ‘कधीपर्यंत’ हा रकाना का, तर १० सप्टेंबरला १२ टक्क्यांनी विकलेला ठिबकचा माल ऑक्टोबरात परत आला, तर त्याची क्रेडिट नोट १२ टक्क्यांनीच निघते. जुना दर पुसून नवा लिहिणाऱ्यांची तिथे फजिती होते. दर टेबलात गेले की पुढच्या वेळी सरकारने रात्रीतून दर बदलला तरी कॉमनला हात लावायची पाळी येणार नाही.

त्यानंतर एसएमएस पाठवणारा भाग वेगळ्या पॅकेजमध्ये न्या. तो आपल्यासोबत वेब आणि जेसनच्या (माहिती पाठवायचा एक साचा) बाहेरच्या लायब्रऱ्या ओढून आणत असणार. ज्या जिनिंगवाल्याला फक्त रक्कम अक्षरी हवीय त्याच्या गळ्यात त्या कशाला? डॉटनेटच्या एका ॲप्लिकेशनमध्ये न्यूगेट एका पॅकेजची एकच आवृत्ती निवडतं. तुमची कॉमन एक मागते, छपाईचं पॅकेज दुसरी मागतं, बिल्ड बिनतक्रार होतो, आणि सराफाने ‘प्रिंट’ दाबल्यावर ‘मिसिंग मेथड एक्सेप्शन’, म्हणजे हवं ते फंक्शनच सापडत नाही. पैशाचा हिशेब, जीएसटी, छपाई, एसएमएस: चार पॅकेज पुरे. पोरांना उत्साह आला की वीस करतील, ते करू देऊ नका.

पोर्टलवाल्याचं सोमवारचं ‘लेटेस्ट’ मात्र या आठवड्यातच थांबवा. ८ सप्टेंबर २०२५ ला, योगायोगाने सोमवारच होता, एका लेखकाचं एनपीएम खातं फसव्या ईमेलने हातात घेऊन ‘चॉक’, ‘डीबग’ अशा कोट्यवधी वेळा उतरवल्या जाणाऱ्या पॅकेजांत चोरी करणारा कोड घातला गेला. काही तासांत ते काढलं, पण त्या तासांत ज्याने डोळे झाकून अपडेट केलं त्याच्याकडे ते आलं. जानेवारी २०२२ मध्ये ‘कलर्स’ या पॅकेजच्या खुद्द लेखकानेच त्यात न संपणारं लूप घातलं होतं. म्हणून सर्व्हरवर ‘एनपीएम इन्स्टॉल’ नको, ‘एनपीएम सीआय’ वापरा. ते पॅकेज-लॉक फाइलीत जे आहे तेच आणतं. नवी आवृत्ती आली की आठवडाभर थांबा. अपडेट सुचवणाऱ्या रेनोव्हेटसारख्या साधनाला तसं सांगून ठेवता येतं.

थांबणं म्हणजे झोपणं नव्हे. डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या लॉग-फोर-जे लायब्ररीत अशी खोट निघाली, की लॉगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नोंदींत, विशिष्ट मजकूर गेला तरी बाहेरच्याला सर्व्हरवर आपला कोड चालवता यायचा. तेव्हा अनेक टीमांचे पहिले दिवस दुरुस्तीत नाही, तर ही लायब्ररी आपल्याकडे कुठे कुठे आहे ते शोधण्यात गेले. कारण ती त्यांनी स्वतः घेतलेलीच नव्हती, दुसऱ्या लायब्ररीच्या पोटातून आली होती. तुमच्याकडे ‘डॉटनेट लिस्ट पॅकेज’ या आदेशाला ‘व्हल्नरेबल’ आणि ‘इन्क्लूड-ट्रान्झिटिव्ह’ हे दोन पर्याय लावले, की पोटातल्या सदोष लायब्रऱ्याही दिसतात. पोर्टलसाठी ‘एनपीएम ऑडिट’. महिन्यातून एकदा चालवा, निकाल फाइल करून ठेवा. केंद्राच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने २०२४ मध्ये सॉफ्टवेअरमधल्या घटकांच्या यादीबद्दल तांत्रिक मार्गदर्शक सूचनाही काढल्या आहेत. उद्या एखादी मोठी बँक किंवा सरकारी खातं गिऱ्हाईक झालं तर ही यादी मागेल. सुरक्षेची दुरुस्ती आली आणि ती खरंच तुमच्या वापरातल्या भागाला लागू असेल, तर हंगाम, आठवडाभर थांबणं, सहा महिन्यांची मुदत, सगळे नियम बाजूला. ती सहाही प्रॉडक्टांना लगेच. तेवढा एक अपवाद.

आणखी एक बारीक गोष्ट. तुमच्या पॅकेजचं नाव नुसतं ‘कॉमन’ ठेवू नका, पुढे कंपनीचं नाव लावा, आणि ते नाव फक्त तुमच्याच फीडवरून यावं असं न्यूगेटच्या ‘सोर्स मॅपिंग’मध्ये बांधून टाका. नाहीतर बाहेरच्या कोणी त्याच नावाचं, मोठ्या आकड्याचं पॅकेज इंटरनेटवर टाकलं तर तुमचा बिल्ड तेच उचलू शकतो. २०२१ मध्ये एका संशोधकाने ॲपल आणि मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्यांच्या आत याच वाटेने शिरून दाखवलं होतं.

पुण्याला गेलेल्या मुलाला फोन जरूर करा. काम करून देशील का असं विचारू नका. कॉमनमधल्या कुठल्या ओळी कोणासाठी घातल्या होत्या, एवढंच विचारा आणि बोलणं चालू असतानाच लिहून घ्या. संध्याकाळी जेवणाच्या वेळेनंतर केलात तर आपल्याकडचा माणूस तासभर बोलेल.

राहिले शेठ. त्यांच्यापुढे ‘टेक्निकल डेट’ (टाळलेल्या कामाचं साचलेलं कर्ज) वगैरे शब्द काढू नका. चोपड्याच्या फोननंतर किती जणांचे किती दिवस गेले, सपोर्टला कोण गेलं, गाडीचं पेट्रोल किती लागलं, ते एका कागदावर मांडा. त्याच्याखाली तुमची मागणी: दोन महिने, दर शनिवारी दोन माणसांचा अर्धा दिवस. मागायची वेळही बघा. पतसंस्थांचा मार्चअखेर डोक्यावर असताना मागू नका, जूनच्या पहिल्या पावसानंतर मागा. तरी नाहीच म्हणाले, तर पतसंस्थेच्या पुढच्या अपडेटच्या कोटेशनमध्ये ते अर्धे दिवस धरा आणि त्या एका प्रॉडक्टला आधी पॅकेजवर आणा. बाकीची पाच ज्या क्रमाने अपडेटला येतील त्या क्रमाने येतील. तोवर ती जुनं फोल्डर वापरत राहिली तरी चालेल. फक्त त्या फोल्डरमध्ये नवी फाइल टाकायची परवानगी आजच सगळ्यांची काढून घ्या.